ब्राउझरचा ए.कु.पु.

भाताची पेंढी डोक्यावरून मागे न्यावी आणि समोरच्या फळीवर आपटावी, पुन्हा न्यावी, पुन्हा आपटावी, याला आमच्या भागात झोडणी म्हणतात. तो आवाज ज्याने जवळून ऐकला आहे त्याला ठाऊक असते की त्यात दुसरा कोणताही आवाज बुडून जातो. जुन्नरच्या पश्चिमेला, आपटाळ्याच्या पुढे, डोंगराला टेकलेली एक वाडी आहे. त्या सकाळी तिथल्या खळ्यावर झोडणी चालू होती, आणि म्हणूनच चढावरून पिकअप गाडी आली ती आम्हांपैकी कोणालाही ऐकू आली नाही. आम्हांला दिसले ते थेट तीन पुरुष. पुढे होता तो माझ्या भाचीचा नवरा. मागे त्याचा थोरला भाऊ आणि एक चुलतभाऊ. नवऱ्याच्या उजव्या हातात जॅकचा लोखंडी दांडा होता आणि डाव्या हातात मोबाइल.

भाची सुपाने भात पाखडत बसली होती. थोरल्याने तिला मागून केसांना धरले आणि खळ्यावरून ओढत नेले. सूप उलटले, भात मातीत गेला, आणि त्या भातावरून ती फरफटत गेली. मी मध्ये पडलो. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मी नाझर होतो, म्हणजे समन्स बजावणाऱ्या, जप्ती करणाऱ्या, ताबा देणाऱ्या बेलिफांचा प्रमुख. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात हुकुमाचा कागद घेऊन उभा राहिलेला माणूस संकटातही आधी कागदच मागतो. मी त्याला विचारले की तू इथे कोणत्या अधिकाराने आलास, आणि हा पत्ता तुला दिला कोणी.

त्याने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला.

"मामा, कुनाला दोष देऊ नका. पत्ता हिनंच धाडलाय."

आणि दांडा माझ्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला पेंढीच्या आवाजाहून फारसा वेगळा वाटला नाही.

ज्यांच्या घरी तिला ठेवले होते तो यजमान माझ्याच हाताखालचा निवृत्त बेलिफ. भात आणि नाचणी पिकवणारे ते डोंगरातले कुटुंब. त्याची बायको घरातून मुसळ घेऊन आली आणि तिने ते थोरल्याच्या गुडघ्यावर घातले. तो खाली बसला तेव्हा त्याच्या मुठीत भाचीच्या केसांचा झुबका होता. तिच्या डाव्या कानातले कुडके ओढले जाऊन पाळी फाटली होती आणि रक्त मानेवरून पदरात उतरत होते. तोवर आजूबाजूच्या खाचरांतून माणसे विळे घेऊन धावली. चुलतभावाने गाडी फिरवली, दोघांनी लंगडणाऱ्या थोरल्याला उचलून गाडीच्या मागच्या हौद्यात टाकले. चाकावर दगड पडत असताना नवरा खिडकीतून डोके बाहेर काढून, अगदी सावकाश, जणू बाजारभाव सांगावा तसे सांगून गेला:

"पुढच्या खेपेला न्यायला नाय येनार. जिथं आसंल तिथंच ठेवून जाईन."

पुढचे जे काही आहे ते या वाक्यामुळे आहे. माणूस बोलल्याप्रमाणे करणारा होता, आणि पत्ता त्याला कसा कळला हे उमगल्याखेरीज पुढची जागा सुरक्षित ठरणार नव्हती.

भाची माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेली, मेहुणेही गेले, तेव्हा माहेर म्हणजे पिंपळवंडीतला मी. पेठजवळच्या एका वाडीत तिला दिली होती. बागायत जमीन, विहीर, पिकअप, सगळे पाहून दिली. मारहाण पहिल्या वर्षापासून होती, हे तिने मला ज्या दिवशी सांगितले त्याच दिवशी मी तिला घेऊन आलो. आणि त्याच संध्याकाळी नवरा पिंपळवंडीत माझ्या अंगणात उभा राहून शिव्या देऊन गेला. म्हणून तिला डोंगरात ठेवले. ही गोष्ट यजमान, त्याची बायको आणि मी यांच्याखेरीज कोणालाही माहीत नव्हती. फोनमधले सिम बदलले होते. सिम बदलले की माणूस बदलला अशी आमच्याकडे सर्वांचीच समजूत आहे.

ठाण्यातल्या हवालदाराने पहिला संशय यजमानावरच घेतला. गरीब माणूस, पैशाने फुटला असेल, असे त्याने त्याच्या तोंडावर म्हटले. यजमान तापला नाही. म्हणाला, "साहेब, मी फुटलो असतो तर बायकोनं मुसळ माज्यावरच घातलं असतं." हवालदारही हसला. पण फिर्यादीतल्या 'आरोपींना पत्ता कसा समजला' या प्रश्नापुढे त्याने काहीच लिहिले नाही.

उत्तर सापडले ते जुन्नरच्या दवाखान्यात. माझ्या हाताला प्लास्टर चढत होते, भाचीच्या कानाला टाके पडले होते, आणि आमची वकील, वयाने माझ्या मुलीसारखी, जबाबासाठी शेजारी बसली होती. एसटीची वेळ पाहण्यासाठी तिने भाचीचा फोन हातात घेतला आणि ब्राउझर उघडला. ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेट पाहतो ती खिडकी. तिच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटे वर्तुळ होते आणि वर्तुळात एक अक्षर. वकीलबाईंनी विचारले की हे अक्षर कोणाचे.

भाची म्हणाली, "त्यांचं. पयल्यापास्नं हाय."

मंचरच्या दुकानदाराने लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत नवरा-बायकोसाठी दोन फोन दिले, तेव्हा दोन्ही फोनवर एकच खाते टाकून दिले होते. नवऱ्याच्या नावाचे. घरात दोन खाती कशाला, पासवर्ड विसरायला दोन होतात, असे तो म्हणाला होता, आणि नवऱ्याला ते पटले होते. सासूबाईंच्या फोनवरही तेच खाते. वकीलबाईंनी सांगितले की ज्या ज्या फोनवर ते नाव आहे, तिथे तिथे एकीने शोधलेले दुसऱ्याला दिसते. सिमचा त्याच्याशी संबंध नाही. कंपनी याला सोय म्हणते.

माझ्या डोळ्यांपुढे त्या क्षणी तीन अक्षरे उभी राहिली. जुन्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.पु.' असे लिहिलेले असते: एकत्र कुटुंब पुढारी. जमीन सगळ्या भावांची, बहिणींची, विधवा काकूची. नाव मात्र एकाचे. तलाठ्याची सोय. या सोयीपायी मी काय पाहिले ते माझे मला ठाऊक. वाटपाच्या हुकुमाची अंमलबजावणी करायला गेलो असता धाकट्याने थोरल्याच्या डोक्यात कुदळ घातलेली मी पाहिली आहे. मोजणीदाराच्या साखळीवर रक्त सांडलेले पाहिले आहे. तिथे प्रत्येक वेळी भांडण जमिनीचे वाटे, पण मूळ त्या तीन अक्षरांत असे. ज्याचे नाव लागले त्याला वाटू लागते की सगळे आपलेच. आणि आता, मोजणीदार नाही, तलाठी नाही, फेरफाराची नोटीस नाही, हरकतीची मुदत नाही, एका दुकानदाराच्या अंगठ्याने माझ्या भाचीच्या मनातल्या प्रश्नांवर ए.कु.पु. ची नोंद झाली होती. ती जे जे विचारी ते त्याच्या नावे जमा होई. तिला मेल्यागत दुखत असताना तिने फोनला जे विचारले तेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिचे कपडे आणायला आम्ही यजमानाच्या वाडीवर गेलो. मी ठरवले होते की हा फोन म्हणजे मुद्देमाल. त्यावरचे नाव, खाते, इतिहास, सर्व जसेच्या तसे राहायला हवे. नव्या साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी प्रमाणपत्र लागते, पूर्वी ज्याला आम्ही पासष्ट-ब म्हणत असू ते आता त्रेसष्ट झाले आहे. हे सर्व मी तिला नीट समजावून सांगितले. फोन बंद करून पाकिटात घालायचा, लाखेने मोहोर करायची, आणि न्यायालयात उघडायचा.

तिने विचारले, "म्हंजे त्यांचं नाव आसंच ठेवायचं त्यात?"

मी म्हटले, निकाल लागेपर्यंत.

ती उठली. फोन घेऊन ओसरीवर गेली. मी यजमानाशी पाकिटावर काय लिहायचे याविषयी बोलत होतो तेवढ्यात मुसळाचा आवाज सुरू झाला. भात कांडताना जसा येतो तसा नव्हे, कोरडा, काचेचा. मी धावलो. तिने फोन उखळात टाकला होता आणि ज्या मुसळाने तिच्या दिराचा गुडघा फुटला होता तेच मुसळ दोन्ही हातांनी उचलून ती त्यावर घालत होती. टाके ताणले जाऊन कानातून रक्त येत होते. मी ओरडलो. पुरावा नष्ट करणे हा गुन्हा आहे, स्वतःच्या दाव्यातला पुरावा नष्ट करणे हा मूर्खपणा आहे, असे मी बरेच काही बोललो, आणि त्यातला काही भाग सभ्य नव्हता. ती थांबली नाही. उखळात ठिकऱ्या, काच आणि पत्रा राहिला तेव्हा थांबली.

मी म्हटले, तू फोडलीस ती फक्त खिडकी. माल आहे तो तिकडे त्यांच्या गोदामात, सातासमुद्रापलीकडे. तो जसाच्या तसा आहे.

"ठावं हाय, मामा," ती म्हणाली. "गोडाऊन माज्या हातात न्हवतं. खिडकी व्हती."

यजमानाच्या बायकोने उखळ उलटे करून झटकले आणि मला म्हणाली की आता यात महिनाभर कांडता यायचं नाय, काच निघत नाय लवकर.

त्यानंतर भाची कुठे राहिली ते मी इथेही लिहिणार नाही. बाजाराच्या दिवशी, गर्दीत, ती वकीलबाईंच्या कार्यालयात येई आणि मी तिथे आधीच बसलेलो असे. मोडलेला हात गळ्यात, आणि मांडीवर कागद. चार ब्राउझरांच्या अटी आणि गोपनीयतेची धोरणे मी नारायणगावच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली होती. दुकानदाराने विचारले की कशाचा एवढा मोठा खटला आहे. मी म्हटले, आपण सर्वांनी न वाचता सही केलेल्या कागदाचा.

ते कागद मी एखादा खरेदीखताचा मसुदा वाचावा तसे वाचले. नावे घेण्याचे कारण नाही. ज्याच्या हातात फोन आहे त्याला चारही ओळखू येतील. फोनबरोबर जो आपोआप येतो, त्याच्या मालक कंपनीचा खरा धंदा जाहिरातींचा आहे. तिने ब्राउझर का बनवला याचे उत्तर तिच्याच धोरणात आहे, फक्त ते 'आपला अनुभव सुधारण्यासाठी' या शब्दांत दडवले आहे. ज्याला रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस काय पाहतो हे हवे आहे, त्याला रस्ता फुकट बांधून द्यायला परवडते. आणि त्या रस्त्यावर नाव सांगून चाला, असा त्याचा आग्रह का असतो हेही मग कळते: बेनाव माणसाची जाहिरात महाग पडते. सरकारी कचेरीतल्या संगणकावर असतो त्या दुसऱ्याची कंपनी संगणक चालवणारी प्रणाली विकते. ती दर काही दिवसांनी, कामाच्या मधेच, विचारते की मला मुख्य करू का. आणि आपण एकदा नको म्हटलेले तिला पुढच्या सुधारणेपर्यंतच आठवते. तिला आपले मन नको आहे, तिला आपले टेबल हवे आहे.

तिसऱ्याने मला अधिक वेळ अडवले. तो एका न्यासाचा आहे, माणसाच्या खाजगीपणासाठी लढतो असे सांगतो, आणि त्याची भाषा वाचून मी आनंदलो होतो. मग कळले की त्या न्यासाच्या उत्पन्नातला मोठा भाग पहिल्याच कंपनीकडून येतो, तिचे शोधयंत्र पुढे ठेवण्याच्या मोबदल्यात. माझ्या नोकरीत मी अनेक प्रकारचे वकील पाहिले, पण वादीच्या वकिलाची फी प्रतिवादीने उघडपणे भरावी आणि दोघांनीही ते हिशेबात दाखवावे, असे कधी पाहिले नव्हते. चौथा दुसऱ्यांच्या जाहिराती अडवतो आणि त्या जागी स्वतःच्या दाखवतो. शेजाऱ्याची गुरे हाकलून त्याच रानात आपली गुरे सोडणारा माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला राखणदार म्हणत नाहीत.

भाची ऐकत बसे. एकदा म्हणाली, "मामा, आता तुमी ह्या चौघांवर पन केस टाकनार का?"

मी म्हटले, टाकणार. तिने वकीलबाईंकडे पाहिले आणि दोघी हसल्या. कान फाटलेल्या बाईचे ते हसणे मला आवडले, म्हणून मी रागावलो नाही. पण माझे म्हणणे कायम आहे, आणि ते मी डाव्या हाताने, वाकड्या अक्षरात, पहिल्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला नोंदणीकृत टपालाने कळवले ते असे: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या बासष्टाव्या कलमानुसार जप्तीसाठी गेलेला बेलिफदेखील सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणाच्या राहत्या घरात पाऊल टाकू शकत नाही. ज्या घरात बाई आहे तिथे तिला बाजूला होण्याची संधी दिल्याखेरीज आत जाता येत नाही. न्यायालयाचा शिक्का हातात असलेल्या माणसावर ही बंधने आहेत. तुमचे यंत्र मात्र आठही प्रहर बाईच्या उशाशी बसते, तिने अंधारात पुटपुटलेले लिहून घेते आणि ज्याच्या भीतीने ती पुटपुटली त्याच्याच हातात नेऊन देते. तुमचा हेतू तिला मारण्याचा नव्हता हे मी मान्य करतो. परंतु दंडविधानात हेतू आणि जाणीव हे दोन निराळे शब्द आहेत. एका छपराखाली एकाच नावावर अनेक माणसे असतात, आणि त्यांतली काही एकमेकांची हाडे मोडतात, ही जाणीव तुम्हांला नाही असे तुम्ही शपथेवर सांगाल काय?

उत्तर माझ्या ईमेलवर आले. यंत्राने लिहिलेले. त्यांनी माझे आभार मानले होते आणि एका मदत-पानाचा दुवा दिला होता. ते पान उघडले तेव्हा त्याने पुढे जाण्यासाठी मला माझ्या नावाने आत यायला सांगितले. मी फळीवर ठेवलेला तांब्या भिंतीवर फेकला. भिंतीचा पोपडा अजून निघालेला आहे. तो मी बुजवलेला नाही.

संरक्षण आदेशासाठीचा अर्ज जुन्नरच्या न्यायालयात चालला. मी जिथे नोकरी केली तिथेच, पण आता मागच्या बाकावर. आमच्याकडे काय होते? दवाखान्याचा कागद, यजमान आणि त्याच्या बायकोची साक्ष. वाडीवरच्या मारहाणीसाठी ते पुरेसे होते. परंतु लग्नानंतरच्या वर्षांचे काय? सासरच्या छळाचे जुने कलम चारशे अठ्ठ्याण्णव-अ, आता पंच्याऐंशी, त्याचीही फिर्याद होतीच. पण घरातल्या माराला साक्षीदार नसतो, आणि सासूबाई डोक्यावर पदर घेऊन सांगत होत्या की आमच्यात कधी आवाज चढला नाही. पत्ता कसा गेला हे सिद्ध करायला फोन नव्हता, तो उखळात गेला होता. मी भाचीकडे पाहत नसे. ती समोर पाहत बसे.

तेव्हा त्यांच्या वकिलाने उत्तरासोबत काही पाने जोडली. त्यांचे म्हणणे असे की बाईला कोणी मारले नाही, हाकलले नाही. ती आधीपासून पळून जाण्याचा कट करत होती, आणि हा तिच्या कटाचा पुरावा: तिने ब्राउझरवर काय काय शोधले त्याची यादी, नवऱ्याच्या फोनवरून छापलेली. एसटीच्या वेळा, कायद्याची कलमे, संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता, सगळ्यांखाली रंगीत रेघ मारलेली.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी पाने हातात घेतली आणि रेघा मारलेल्या ओळी वाचून झाल्यावर, रेघा न मारलेल्याही वाचू लागल्या. मनात वाचत होत्या, मग मोठ्याने. बहुधा लघुलेखकासाठी.

"बरगडी मोडली का ते घरी कसं ओळखावं. लघवीतून रक्त आल्यावर काय खावं. कानाखाली मारल्यावर आवाज येत नाही, किती दिवसांनी येतो. पोटात मारल्यावर बाळ राहतं का."

मी त्या दालनात जप्तीच्या वस्तूंचे लिलाव ऐकले आहेत, माणसांना शिक्षा झालेल्या ऐकल्या आहेत. माझ्या बहिणीच्या मुलीने मला कधीही न सांगितलेल्या गोष्टी, एकापुढे एक तारीख घालून, मी तिथे पहिल्यांदा ऐकल्या. मला त्या माणसाच्या अंगावर जायचे होते. शेजारी यजमान बसला होता, त्याने माझ्या मांडीवर हात ठेवून मला खाली दाबून धरले. चांगलाच जोर होता त्याच्या हातात.

न्यायाधीशांनी विचारले की ही नोंद अर्जदार बाईंची आहे, तर ती तुमच्याकडे कशी आली.

त्यांचा वकील उठू लागला होता. पण नवरा आधीच बोलला. छाती काढून बोलला, कारण त्याला त्यात गैर काही दिसतच नव्हते.

"खातं माज्या नावावर हाय, साहेब. घरात एकच खातं हाय, माजं. मी दाखल्यासाठी 'आपले सरकार' शोधाया 'आप' टाइप केलं, तर खाली आपटाळे-जुन्नर एसटी आली. तवा समजलं ही कुठं गेली. मंग आपटाळ्यात इचारत इचारत वाडी गाठली."

त्याचा वकील हळूच खाली बसला. आमच्या वकीलबाई उठल्याही नाहीत; त्यांनी फक्त विनंती केली की उत्तरवादीचे हे विधान शब्दशः नोंदवून घ्यावे.

ए.कु.पु. ने सातबारा स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवला होता. एवढी वर्षे ती काय विचारते ते तो पाहू शकत होता. ती का विचारते हेही त्या यादीतच होते. आणि त्यातले दुखण्याचे त्याने सोडून दिले आणि पळण्याच्या ओळीवर मात्र जॅकचा दांडा घेऊन निघाला. रेघा त्याने मारल्या होत्या. कोणत्या ओळींना मारल्या आणि कोणत्या सोडल्या, यापेक्षा अधिक मोठा कबुलीजबाब मी कधी पाहिला नाही.

संरक्षण आदेश झाला. तिच्या राहण्याच्या आणि कामाच्या ठिकाणी जायचे नाही, प्रत्यक्ष, फोनवर किंवा कोणत्याही इलेक्ट्रॉनिक मार्गाने संपर्क साधायचा नाही. वाडीवरच्या हल्ल्याचा फौजदारी खटला चालू आहे. तिघेही जामिनावर आहेत, म्हणजे धोका संपलेला नाही. बाहेर आल्यावर एका ओळखीच्या वकिलाने मला हसत म्हटले की नाझरसाहेब, ज्या ब्राउझरला तुम्ही शिव्या घालता त्यानेच तुमची केस जिंकून दिली, कंपनीला आता आभाराचे पत्र लिहा. मी त्याला उत्तर दिले ते इथेही देतो. चोराने चोरलेला माल जपून ठेवला आणि तो पुढे सापडला, म्हणून चोर विश्वस्त ठरत नाही. त्या नोंदीसाठी माझ्या भाचीला कान द्यावा लागला. ती नोंद तिच्या नावावर असती, तर तिला कोणी शोधत आलाच नसता आणि ती न्यायालयात तिने स्वतः, स्वतःच्या इच्छेने, उघडली असती. हा फरक ज्याला क्षुल्लक वाटतो त्याच्याशी मला बोलायचे नाही.

माझे मनगट वाकडे जुळले आहे. पत्रे आता मी डाव्याच हाताने लिहितो; टपाल कार्यालयातल्या बाई म्हणतात की अक्षर पूर्वीपेक्षा जास्त रागावलेले दिसते.

आदेशानंतरच्या बाजारदिवशी आम्ही जुन्नरला तिच्यासाठी नवा फोन घ्यायला गेलो. तिला दूरच्या एका गावी शिवणकामाचे काम मिळाले होते आणि तिथे जायचे होते. दुकानदाराने डबा फोडला, फोन चालू केला आणि मान न उचलता विचारले की घरातल्या कुणाचे खाते टाकू.

"घरात मीच हाय," ती म्हणाली, आणि फोन त्याच्या हातातून घेतला.

कोणता ब्राउझर घ्यायचा हे तिने मला विचारले. मी तिला माझा निर्णय सांगितला: न्यासाचा तिसरा, तोही अंतिम नव्हे, तात्पुरत्या आदेशासारखा, कारण त्याची फी कोण भरतो ते आपल्याला ठाऊक आहे, पण तो निदान नाव न सांगता दारात उभे राहू देतो. तिने तो उतरवून घेतला. उघडताच त्यानेही विचारलेच की आत येऊन सर्व उपकरणे जोडायची का. खाली दोन बटणे होती. एकावर 'साइन इन करा' आणि दुसऱ्यावर 'आता नाही'.

मी चष्मा पुसून ते पुन्हा वाचले. 'नाही' असे बटण नव्हते. 'आता नाही' म्हणजे नकार नव्हे; ती मुदतवाढ आहे, अर्ज पुढच्या तारखेला पुन्हा येणार. मी दुकानदाराला तिथेच सांगू लागलो की ज्या करारात नकाराला जागा नाही तो करारच नव्हे, आणि मी यावर लिहिणार आहे. तो गिऱ्हाइकांकडे पाहत राहिला.

भाचीने पदर फाटलेल्या कानामागे सारला, 'आता नाही' दाबले आणि पडद्याकडे पाहत हळूच म्हणाली, "कधीच नाय."

मग तिने तिच्या नव्या गावाची एसटी किती वाजता आहे ते विचारले. फोनला नव्हे, समोरच्या स्थानकात, खिडकीवरच्या माणसाला.